तुम्ही विचारलंत म्हणून: लेकरं कोर्स पूर्ण कसा करतात

"ताई, ऑनलाइन कोर्सला नाव तर सगळेच टाकतात, पण तुमच्या अभ्यासिकेतली लेकरं शेवटपर्यंत कशी टिकतात?" हे मला नेहमी विचारलं जातं, परवा जालन्याच्या एका मॅडमनी विचारलं म्हणून आता सविस्तरच लिहिते.

आधी हे, की आपल्याच भागातली पोरं सोडतात असं अजिबात नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा हिशेब २०१९ ला 'सायन्स' नावाच्या शोधपत्रिकेत छापून आला होता, २०१७-१८ ला नाव टाकलेल्यांपैकी पूर्ण करणारे होते फक्त ३.१३ टक्के. त्यामुळं परभणीच्या पोराला आळशी म्हणलं की मला खरंच राग येतो.

आमच्याकडं बहुतेक जण एनपीटेलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीचे, बारा आठवड्यांचे कोर्स करतात. मागच्या वर्षी एक पोरगा पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कोर्सला होता, हुशार, पण गावात तीन दिवस लाईट नव्हती, असाइनमेंटची डेडलाइन गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तो यायचाच बंद झाला. मी घरी गेले तर म्हणला, "ताई, आता काय करायलाव येऊन, गेलं ना ते." त्याला माहीतच नव्हतं की बारापैकी सगळ्यात चांगल्या आठच असाइनमेंट धरतात, त्यांचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५. म्हणजे चार हुकल्या तरी चालतं! एवढं कळलं आणि तो संध्याकाळी परत येऊन बसला.

तेव्हापासून पहिल्याच दिवशी मी हा नियम फळ्यावर लिहिते, आणि सांगते की या चार सुट्ट्या आत्ता उडवायच्या नाहीत, सोयाबीन काढणीला ठेवायच्या, कारण जुलैचा कोर्स घेतला की महालक्ष्म्या, मग काढणी आणि लगेच परीक्षा असं सगळं एकावर एक येतं आणि काढणीला घरच्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये.

टाइमटेबल लिहून घेता का, असंही विचारतात. घेते, पण त्याच्या भरवशावर राहत नाही. २०२० ला अडीच लाखांवर शिकणाऱ्यांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात प्लॅन लिहून घेतल्यानं सुरुवातीचे काही आठवडे फरक पडला, कोर्स पूर्ण होण्यात मात्र पडला नाही. माझाही अनुभव तोच, तिसऱ्या आठवड्यानंतर भिंतीवरच्या कागदाकडं कोणी बघत नाही. तेव्हा माणूस लागतो. म्हणून डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एकेकाला फोन करतो, आणि "झालं का?" असं विचारत नाही, कारण लाजेनं हो म्हणतात, "कोणत्या प्रश्नाला अडलास?" असं विचारतो, मग पोरगं बोलायला लागतं.

मॅडम, तुमच्याकडं किती लेकरं आहेत ते कळवा, पंधराच्या वर असतील तर फोनला दोघं तरी लागतील, एकटीनं नाही होत.