वॉकर, फुलर, टकर: इंग्लिश आडनावांच्या नकाशाचं पुढचं अपडेट

धंद्यावरून पडलेली इंग्लिश आडनावं कुठल्या भागात जास्त आहेत ते मी नकाशावर भरतेय. या वेळी वॉकर घेतलंय, आणि वॉकर घेतलं की फुलर आणि टकर सोबत घ्यावेच लागतात कारण तिघांच्या पूर्वजांचा धंदा एकच, लोकरीचं कापड तुडवायचा. वॉकर म्हणजे पायी फिरणारा कोणीतरी असं वाटतं ना, पण जुन्या इंग्रजीत ‘वेअल्कन’ म्हणजे घोळणं, उलटंपालटं करणं, आणि हे काम करणारा तो ‘वेअल्करे’.

काम काय होतं ते समजून घेण्यात बराच वेळ गेला पण मजा आली. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड सैल आणि तेलकट असतं, ते हौदात टाकायचं, त्यात पाणी, शिळं मूत्र (हो, खरंच, त्यातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटतो) आणि एक तेल शोषणारी माती घालायची आणि तासन्‌तास पायांनी तुडवत राहायचं, मग धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं आणि घट्ट होतं. ती माती म्हणजे फुलर्स अर्थ, आपल्याकडे जी मुलतानी माती म्हणून चेहऱ्याला लावतात तीच! म्हणजे फेसपॅकच्या पाकिटावर हे आडनाव आपण कधीपासून वाचतोय.

आता नकाशा. ब्रिटनच्या 1881 च्या जनगणनेतली नावं काउंटीप्रमाणे तीन रंगांत भरली आणि चित्र अगदी स्वच्छ आलं. टकर नैर्ऋत्येला, डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट. फुलर आग्नेयेला, ससेक्स, केंट आणि वर ईस्ट अँग्लियाकडे. वॉकर उत्तरेला आणि मिडलँड्समध्ये, यॉर्कशायर तर नुसतं भरलंय, शिवाय स्कॉटलंडमध्येही भरपूर. आडनावं साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात पक्की व्हायला लागली, त्या काळी कुठल्या भागात या माणसाला काय हाक मारायचे ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत नकाशावर टिकून राहिलंय, रेल्वे आली, गिरण्या आल्या, लोक इकडचे तिकडे गेले तरी. मला या छंदात सगळ्यात जास्त हेच आवडतं.

गावांच्या नावांनीही दुजोरा दिला. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल आहे, उत्तरेकडे वॉकमिल, दोन्हींचा अर्थ कापड तुडवायची गिरणी. गंमत म्हणजे पाण्याच्या चाकावर चालणारे लाकडी हातोडे बाराव्या शतकातच आले होते, टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने 1185 मध्ये केलेल्या आपल्या जमिनींच्या पाहणीत अशा गिरण्यांची नोंद आहे, म्हणजे पाय जाऊन हातोडे आले तरी लोक त्या माणसाला वॉकरच म्हणत राहिले. एक्सेटरला विणकर-टकरांच्या संघाचा टकर्स हॉल आहे, 1471 चा, अजून उभा.

जुनी कागदपत्रं बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. लॅटिन दस्तऐवजात कारकून ‘फुल्लो’ (कापड तुडवणारा) लिहितो, आणि त्या माणसाला गावात वॉकर म्हणत होते की टकर ते त्यावरून कळत नाही. त्यामुळे अशा नोंदी मी नकाशात घेतच नाही, ‘ले वॉकेरे’, ‘ले टुकेरे’ असं बोलीतलं रूप असेल तरच घेते. फुलर हा शब्द मुळात याच लॅटिन फुल्लोवरून आलाय, म्हणून तिथे तर दुप्पट सावध राहायला हवं. टकर मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतला, ‘तुकियन’ म्हणजे छळणं, आणि त्या कापडाचे हाल बघता शब्द चपखल आहे.

सगळेच वॉकर तुडवणारे नव्हेत हेही आहेच, न्यूकॅसलला टाइन नदीकाठी वॉकर नावाची जागा आहे, रोमन भिंतीजवळची पाणथळ जमीन असा त्याचा अर्थ, तिथून निघालेली घराणी वेगळी. आणि आयर्लंडमधले काही टकर हे तिथल्या गेलिक भाषेतल्या नावाचं इंग्रजी रूप आहेत, कापडाशी संबंध नाही. हे दोन्ही वेगळ्या खुणेने दाखवलेत.

पुढे रंगारी घेणार आहे, डायर आणि लिस्टर. यॉर्कशायरचे लिस्टर भरायला सुरुवात केलीये, नॉरफोकचे बाकी आहेत.