५० सोमच्या नोटेवरची बाई

भाची किर्गिझस्तानात, बिश्केकला एमबीबीएस करते. आपल्याकडची इतकी पोरं तिथे आहेत, की ओश बाजारात सुकामेवा घेताना मागून चक्क "अगं, थांब की!" ऐकू आलं.

आठवडाभर तिच्या घरमालकिणीकडेच राहिले. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना 'एझे' म्हणतात, म्हणजे आपली ताई. दुभाषी अर्थातच भाची.

पहिल्याच दिवशी सुट्टे मोजताना ५० सोमच्या नोटेवर एक करारी म्हातारी दिसली. कुरमानजान दातका. ठरवून दिलेलं लग्न मोडून निघून आलेली, आणि पुढे दुसऱ्या नवऱ्याचा खून झाल्यावर अलाय डोंगरातल्या टोळ्यांचा कारभार सांभाळलेली. शहरात तिचा पुतळाही आहे. २०१० च्या उठावानंतर तर रोझा ओतुनबायेवा राष्ट्राध्यक्ष झाल्या. मी भारावूनच घरी आले.

एझेंनी चहा ओतला. अर्धाच पियाला, काठोकाठ भरला तर पाहुण्याने उठावं असा अर्थ होतो.

"२००५ च्या आमच्या संसदेत ७५ जणांत बायका किती होत्या, सांग."

"दहा?"

त्यांनी अंगठ्याला बोट लावून गोल करून दाखवला. एकही नाही!

सोव्हिएत काळात साधारण एक तृतीयांश बायका असत. एझेंची आईही गावच्या सोव्हिएतमध्ये, म्हणजे पंचायतीत होती. "सांगतील तेव्हा हात वर करायचा, बस. पण खुर्ची तरी होती." सोव्हिएत संघ गेला तशी ती राखीव खुर्ची गेली, पाठोपाठ पाळणाघरंही बंद पडली, आणि बायका घरात किंवा बाजारातल्या गाळ्यावर. २००७ मध्ये पक्षांच्या उमेदवार याद्यांत ३० टक्क्यांची अट आली. मग नवी शक्कल: निवडून आलेली बाई राजीनामा देणार, यादीतला पुढचा पुरुष आत जाणार. शेवटी बाईच्या जागी बाईच, असा कायदा करावा लागला.

मला आपले सरपंचपती आठवले. तो शब्द समजावताना भाचीची दमछाक झाली; पण कळल्यावर एझे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग गप्प झाल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीला पळवून नेलं होतं. 'आला काचू' म्हणतात त्याला: उचल आणि पळ. मुलीच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला की लग्न ठरलं. तो बांधतात त्या घरातल्या म्हाताऱ्या, कधीकाळी स्वतःही तशाच आणलेल्या. २०१३ पासून याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. तरी २०१८ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या २० वर्षांच्या मुलीला पळवणाऱ्यानेच भोसकून मारलं, तेही पोलीस ठाण्यात.

भाचीच्या वयाची.

संध्याकाळी ती मैत्रिणीकडे निघाली. एझे चपला अडकवून फाटकापर्यंत गेल्या, टॅक्सीवाल्याकडे नीट निरखून पाहिलं आणि गाडीचा नंबर वहीत उतरवून घेतला. वही अर्धीअधिक भरलेली होती.