चमचाभर गोड, गिलासभर पाणी

जंबेरीची सालं मागायला मी शेंदुरजनाघाटच्या एका नर्सरीत गेली, तर तिथला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. जंबेरी म्हणजे संत्र्याच्या कलमाचा खुंट. फळातलं बी काढून रोपं करतात, त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात आणि उरलेलं फळ जातं उकिरड्यावर. "काय करता वो काकू सालाचं?" मी म्हटलं, "मुरंबा." तो हसला, पण अर्धं पोतं भरून दिलं. पैसे घेतले नाहीत.

हा मुरंबा मी मेलबर्नला एका ग्रीक म्हातारीकडून शिकली.

लेक तिथे ओकलीजवळ राहते. 2024 च्या श्रावणात मी तिच्याकडे होती. ओकलीच्या बाजारात दुकानांच्या पाट्या वाचायला गेलं की अक्षरं ओळखीची वाटतात, पण शब्द काही लागत नाही. सगळं ग्रीक. महायुद्ध संपलं तर यांच्या घरात यादवी पेटली, ती 1949 पर्यंत चालली. मग बोटी भरभरून माणसं ऑस्ट्रेलियाला आली. 1952 मध्ये तर दोन्ही सरकारांनी तसा करारच केला. लेकीच्या शेजारची यियाया त्या बोटींतलीच. यियाया म्हणजे आजी. गल्लीतली चिनी पोरंसुद्धा तिला यियायाच म्हणतात.

15 ऑगस्टला त्यांच्या मेरीमातेचा मोठा सण असतो. त्या वर्षी तो गुरुवारी आला, म्हणून मी सकाळीच गजानन महाराजांचं नाव घेऊन निघाली. यियायाने आम्हाला चर्चमागच्या हॉलमध्ये जेवायला बोलावलं होतं. लेकीने आधीच सांगून टाकलं, आई मटण खाणार नाही, तिचा श्रावण आहे. मला वाटलं, आता श्रावण म्हणजे काय ते सांगत बसावं लागणार. तर म्हातारीने एवढंच विचारलं, "किती दिवस?" त्यांचेही सणाआधीचे चौदा दिवस मांस, अंडी, दूध बंदच असतात. महिना म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. (आखाडात मी काय काय खाल्लं होतं, ते सांगितलं नाही.)

हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, त्यावर कागद अंथरलेला, आणि वाढायला पंधरा-वीस बाया, अ‍ॅप्रन बांधून. आपल्या पंगतीत वाढपी वाकून "घ्या ना बापा, अजून एक" करतात, तसं त्या "फाए, फाए" करत फिरत होत्या. म्हणजे खा, खा. ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतील अशा.

माझ्या ताटात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या वालाची टोमॅटोतली भाजी आली. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला लिंबाच्या चवीचा भात आला, बोटाएवढाले गुंडाळे, गारेगार. आणि खोर्ता. खोर्ता म्हणजे उकडलेला रानपाला, वरून लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. फोडणी नाही, तिखटाचं नाव नाही. पहिल्या घासाला वाटलं, हे तर दुखणेकऱ्याचं जेवण. तिसऱ्या घासाला बांधावरचा चाकवत आठवला. तरी पर्समधली भिवापुरी तिखटाची पुडी मी काढलीच. समोरच्या आजोबांनी हात पुढे केला, त्यांनाही चिमूटभर दिली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्यांनी परत हात पुढे केला. शेवटी मध आणि दालचिनी घातलेले गरम लुकुमादेस आले. आपले आखाडीचे गुलगुलेच ते, फक्त गुळाऐवजी मध.

संध्याकाळी यियाया घरी घेऊन गेली. चहा नाही, कॉफी नाही. आधी एक ट्रे आला. त्यात काचेची बशी, बशीत पाकातली संत्र्याच्या सालाची एकच गुंडाळी, चमचा आणि गार पाण्याचा गिलास. आलेल्याला हे आधी द्यायचं, बाकी चौकशी नंतर. आपण उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायचो, तसंच. द्यायचो म्हणते, कारण आता आमच्याकडेही कागदी कपातला चहाच पुढे येतो. लेकीने सांगितलं, ग्रीकमध्ये क्सेनोस म्हणजे परका आणि क्सेनोस म्हणजेच पाहुणा, दोन्हीला शब्द एकच.

मी संत्र्यावाली आहे म्हटल्यावर म्हातारी खुर्चीतून उठलीच. तिच्या वडिलांची बाग होती, खिओस बेटावर, कांबोस नावाच्या भागात. तिथे बागांना माणसाहून उंच दगडी भिंती, थंड वारा अडवायला. विहिरीवर जनावराने फिरवायचा रहाट. मी तिला आमच्या वरुडचं सांगितलं, हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या आंबिया बहाराची फळगळ आणि खोल खोल चाललेले बोअर. लेक भाषांतर करून थकली. मग आम्ही हातवाऱ्यांवर आलो.

कृती तिने करूनच दाखवली. फळाची वरची कडू साल किसणीने हलकेच खरवडायची, जाड सालाच्या सहा पाकळ्या काढायच्या. पाकळी गुंडाळून सुईने दोऱ्यात ओवायची, गजऱ्यासारखी माळ करायची, म्हणजे गुंडाळी उकलत नाही. पाणी बदलून तीनदा उकळायचं, रात्रभर गार पाण्यात ठेवायचं, मग पाकात सोडायचं. शेवटी लिंबू पिळायचं.

गावी आल्यावर पहिल्यांदा नागपुरी संत्र्याची सालं घेतली. आपल्या संत्र्याचं साल सैल, म्हणून ते हाताने सुटतं, पण पातळही तेवढंच. उकळल्यावर पार चिंध्या झाल्या. किलोभर साखर वाया गेली, ह्यांनी चार दिवस ऐकवलं. मग जंबेरी सुचली. तिचं साल टिकलं, कडवटपणाही बेताचा राहिला.

माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांच्या प्रकट दिनाचा महाप्रसाद होता. पिठलं-भाकर आणि अंबाडीची भाजी. मी स्टीलचा डबा, चमचे आणि पाण्याचा जग घेऊन मंडपाच्या तोंडाशी बसली. येईल त्याला एक गुंडाळी आणि गिलासभर पाणी. पोरांनी तोंडं वाकडी केली. जाऊबाई म्हणाल्या, "कडूच लागते वो," आणि चमचा परत डब्यात घातला.

मग वरच्या आळीतल्या आजी आल्या. तोंडात गुंडाळी घोळवली, थांबल्या, आणि दोन बोटांनी दातातून हातभर पांढरा दोरा ओढत काढला.

"काहून वो बाई, शिवून आणलं का हे?"