म्युझियममध्ये बसायला जागा आहे का?

आपल्याकडे म्युझियम म्हटलं की शाळेची सहल. दोन-दोनच्या रांगा, एक बाई पुढे एक मागे, "हात लावू नका रे" आणि मग बाहेर झाडाखाली डबे. सगळी मांडणीच त्या रांगांच्या हिशोबाने असते, म्हणजे भराभर जिने चढणारी आणि तासभर उभी राहिली तरी काही न होणारी माणसं येणार असं धरून. आणि नेमकी तीच कमी होत चाललीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ आलाय, एका बाईमागे सरासरी दोन मुलंसुद्धा नाहीत. उलट साठीच्या पुढची माणसं २०११ च्या जनगणनेतच देशात दहा कोटींच्या वर होती आणि २०५० पर्यंत दर पाचातलं एक माणूस साठीपुढचं असेल असा युनोचा अंदाज आहे. म्हणजे म्युझियमवाल्यांचं पुढचं गिऱ्हाईक कोण ते सरळ दिसतंय, फक्त त्यांना दिसतंय की नाही माहीत नाही.

मागे आईला घेऊन एका म्युझियमला गेलो होतो, नाव घेत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हीच बोंब असते. तिकिटात सीनियर सिटिझनला सवलत होती, मग पहिल्या मजल्यावर जायला दगडी जिना, कठडा एकाच बाजूला, आणि लिफ्टला "बंद आहे" अशी पाटी, ती पाटीसुद्धा पिवळी पडलेली. आईचा एक गुडघा गेलाय, शुगर आहे, दर थोड्या वेळाने बाथरूम लागतं आणि बाथरूम खाली गेटजवळ. अख्ख्या दालनात खुर्ची एकच, ती सिक्युरिटीवाल्याची. तो बिचारा स्वतःच उठला आणि म्हणाला बसा मावशी.

ती बसली त्याच्यासमोरच्या काचेत वज्र्या होत्या, पितळी, एकीवर मोर, एकीवर हत्ती. खाली चिठ्ठी, "वज्री, पितळ", बस. दोन शाळकरी मुली बघून म्हणाल्या पेपरवेट असेल. मग आमच्या आईसाहेब सुरू, अगं ही अशी पालथी करून टाच घासायची, खालचा भाग खरखरीत असतो बघ, बंब पेटवायचा, आणि दिवाळीत पहिली अंघोळ कोणाची यावरून भांडणं... बघता बघता दहा-बारा मुलं गोळा झाली. सिक्युरिटीवाला पण ऐकत होता. मला तेव्हा वाटलं की या इमारतीत या वस्तूबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेलं माणूस हेच, आणि आपण तिला इथपर्यंत पोचायला किती छळलंय.

हे जगात काही ठिकाणी लोकांनी ओळखलंय. लिव्हरपूलच्या म्युझियमांनी २०१२ मध्ये हाऊस ऑफ मेमरीज नावाचा उपक्रम सुरू केला, डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, झालेल्यांना सांभाळणाऱ्या लोकांना ट्रेनिंग द्यायचं आणि जुन्या रोजच्या वापरातल्या वस्तू भरून सूटकेसच उसन्या द्यायच्या. वस्तू हातात आली की माणूस बोलायला लागतं, सकाळी काय खाल्लं ते आठवत नसलं तरी. आपल्या देशात डिमेन्शिया असलेले साधारण ८८ लाख आहेत असा एका मोठ्या पाहणीवरून काढलेला अंदाज आहे, आणि घरोघरी त्याला "वयाप्रमाणे व्हायचंच" म्हणून सोडून देतात तो भाग वेगळा. मॉन्ट्रियलला तर २०१८ पासून डॉक्टर चिठ्ठीवर आर्ट म्युझियमची भेट लिहून द्यायला लागले, पेशंटला फुकट. आपल्याकडे डॉक्टरने असं लिहिलं तर लोक डॉक्टर बदलतील!

२०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, इंग्लंडमधली पन्नाशीपुढची साडेसहा हजारांवर माणसं, चौदा वर्षांचा पाठपुरावा, आणि जी दर काही महिन्यांनी म्युझियम, नाटक, कॉन्सर्ट असं काहीतरी बघायला जात होती त्यांचा त्या काळात मरण्याचा धोका अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी निघाला. आता याच्यावर लगेच उड्या मारायचं कारण नाही, ज्याच्या पायात आणि खिशात जोर आहे तोच बाहेर पडतो. अभ्यास करणाऱ्यांनी पैसा, तब्येत, एकटेपणा हे सगळं धरून हिशोब केला तरी फरक उरला, पण त्यावरून म्युझियममुळेच आयुष्य वाढतं असं म्हणता येत नाही हे त्यांनीही लिहिलंय. मला स्वतःला एवढं पटतं की घरात टीव्हीसमोर बसण्यापेक्षा हे बरं.

आणि आपल्याकडे म्युझियम आणि दवाखाना यांचं नातं नवीन नाही. भायखळ्याचं १८७२ चं म्युझियम ज्यांच्या नावाने आहे ते भाऊ दाजी लाड डॉक्टर होते, कुष्ठरोगावर औषध शोधत होते. आणि फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ ला लोकांसाठी उघडलं, पण त्याआधी पहिल्या महायुद्धात त्या इमारतीत चक्क लष्करी हॉस्पिटल होतं. याच संग्रहालयाची २०१५ पासून बसमधली म्युझियम पण फिरते, शाळाशाळांतून. तीच आयडिया वृद्धाश्रमांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या दारात नेली तर काय बिघडेल, बसला पायऱ्या असतात म्हणा, मग वस्तू खाली आणा.

अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही. मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर बाहेर, गावचं घर बंद, म्हातारं माणूस गेलं की फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून घंगाळं, परात, पानाचा डबा, अडकित्ते सगळं किलोवर मोडीत जातं. येत्या वीस-पंचवीस वर्षांत हे केवढ्या प्रमाणात होणार विचार करा. दिनकर केळकरांनी दारोदार फिरून अशाच वस्तू जमवल्या म्हणून पुण्यात वीस हजारांवर वस्तूंचं म्युझियम उभं राहिलं. आता तर माणसं स्वतःहून द्यायला तयार होतील, पण वस्तूबरोबर ती वापरलेल्या बाईचा आवाज पण मोबाईलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करून घ्यायला हवा, नाहीतर परत "वज्री, पितळ".

खर्च फार नाहीये हो. दालनात दोन बाकं, बाहेरच्या बऱ्याच म्युझियममध्ये फोल्डिंग स्टूल देतात तशी चार स्टुलं, मोठ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, चालू लिफ्ट आणि प्रत्येक मजल्यावर बाथरूम. गाईड म्हणून रिटायर्ड लोकांना बोलवा, सांगायला माणसं कमी पडणार नाहीत, पुण्यात तर थांबवायला माणूस ठेवावा लागेल.

आईच्या भिशी ग्रुपला आता नागपूरचा अजब बंगला आणि कोल्हापूरचं टाऊन हॉलचं म्युझियम बघायचंय. सगळ्या सत्तरीच्या आसपास, एकीला वॉकर. तिथे रॅम्प, बसायची सोय, बाथरूम हल्ली कसं आहे, कोणी आपल्या म्हाताऱ्यांना घेऊन गेलं असेल तर प्लीज कळवा.