अलिबाग ते मालवण किनाऱ्याने: चावीचा दिवा लुकलुकू लागला तर

मार्ग असा: अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, आगरदांड्याहून जंगल जेटीने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला पुन्हा बोट, वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. तिसऱ्या बोटीने धोपावे आणि गुहागर, चौथीने तवसाळहून जयगड, पुढे गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी आणि मालवण. गाडी पेट्रोल हॅचबॅक, फिरवायच्या चावीची. चावीच्या डोक्यात इमोबिलायझरची (अनोळखी चावीने इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चिप आणि त्याच डोक्यात लॉकचा रिमोट.

या दोन गोष्टी एका प्लास्टिकमध्ये असल्या तरी त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, आणि निम्मा गोंधळ हे माहीत नसल्यामुळेच होतो. रिमोट सेलवर चालतो आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास लहरी सोडतो. चिपला सेल लागत नाही. चावीच्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते साधारण १२५ किलोहर्ट्झवर चिपला जागं करतं आणि तिचा क्रमांक वाचतं. म्हणजे सेल संपला तरी गाडी चालू व्हायला हवी. उलट दरवाजे झकास उघडतात पण गाडी चालू होत नाही, अशा वेळी रिमोटचा सेल बदलून काहीही साधत नाही.

काशीदपासूनच रिमोटची पोच कमी झाली होती. आधी पंधरा-वीस पावलांवरून लागणारं लॉक आता काचेला टेकल्याशिवाय लागेना. इथे मात्र दोष सेलचाच. नवा सीआर २०३२ (बटणासारखा चपटा सेल) मोकळा, म्हणजे बटण न दाबता, मोजला तर ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. जुना मोकळा ३ दाखवेल, पण बटण दाबून धरल्यावर २.७ च्या खाली उतरला तर बदला. सीआर २०३२ श्रीवर्धन, गुहागरला घड्याळाच्या दुकानात मिळून जातो. सीआर १६२० किंवा १६१६ लागत असेल तर घरूनच दोन घेऊन निघा. सेल बसवताना खालची पत्र्याची जीभ दबली असेल तर नखाने किंचित वर उचला, नवा सेल घालूनही रिमोट मुका राहण्याचं हे नेहमीचं कारण आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात रिमोटचा उजेड पाहायची युक्ती टीव्हीच्या रिमोटसाठी आहे, इथे काही दिसणार नाही. सेल बदलल्यावरही प्रतिसाद नसेल तर गाडीजवळ उभं राहून तेच बटण लागोपाठ दोनदा दाबा. दर वेळी बदलणारा कोड मागेपुढे झालेला असतो, तो बऱ्याच रिमोटांत एवढ्याने जुळतो. काही गाड्यांत चावी लावून, स्विच ऑन करून लॉक दाबावं लागतं.

बोटीवर एक काळजी घ्या. कंपनीचा नसलेला, बाहेरून बसवून घेतलेला सायरन असेल तर बोट धक्क्याला टेकताना बसणाऱ्या हिसक्याने तो बोंबलायला लागतो. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक लावलेला, आणि दार रिमोटऐवजी चावीने लॉक करा. अशा बऱ्याच सायरनांत चावीने लॉक केल्यावर सेन्सर जागाच होत नाही.

हर्णैच्या अलीकडे दुसरा प्रकार सुरू झाला: लॉक दाबलं की चारही खिट्ट्या खाली जाऊन लगेच वर उडायच्या. एखादं दार उघडं आहे असं गाडीला वाटलं की ती असं करते. उन्हाळ्यात या रस्त्यांची तांबडी धूळ दाराच्या कुलपात शिरते आणि खाऱ्या दमटपणाने तिची खळ होते. मग आतला छोटा स्विच अडकतो. दारं बंद असताना आतला दिवा किंवा डॅशबोर्डवरची दाराची खूण पेटलेली राहते का, ते पाहा. राहत असेल तर एकेक दार जोराने लावून दोषी दार शोधा, कुलपात गंज सोडवणारा स्प्रे मारा, खटका स्क्रू-ड्रायव्हरने दहा-बारा वेळा मिटवा-उघडा (दार उघडं असतानाच, आणि शेवटी हँडल ओढून खटका मोकळा करायला विसरू नका) आणि वर पांढरं ग्रीस लावा. आवाज न करता एकच दार मेलेलं असेल तर दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी उघडून पाहा, आत वायर तुटलेली सापडते.

खरी अडचण गुहागरला आली. सकाळी स्विच ऑन केला, चावीचं चित्र असलेला दिवा दोन-तीन सेकंदांत विझला, म्हणजे चिप ओळखली गेली. सेल्फ मारताच तोच दिवा लुकलुकायला लागला आणि इंजिन पकडेना. सेल्फही सुस्त. या क्रमाकडे नीट लक्ष द्या. दिवा स्विच ऑनलाच लुकलुकत राहिला तर संशय चावी, वेटोळं किंवा त्याच्या कनेक्टरवर. आधी विझून सेल्फ मारताना परत आला तर बहुधा विजेचा पुरवठा कोलमडतो आहे. व्होल्टेज घसरलं की इंजिनचा कंट्रोल युनिट मध्येच रीसेट होतो, पुन्हा ओळख मागतो आणि ती वेळेत न मिळाल्याने पेट्रोल तोडतो.

पहिली तपासणी डुप्लिकेट चावीने करा, आणि ती करताना पहिली चावी चार हात दूर ठेवा, कारण दोन चिपा जवळ आल्या तर वेटोळ्याला एकही नीट वाचता येत नाही. डुप्लिकेटनेही तेच झालं तर चावी निर्दोष. मग मल्टिमीटर काढा. गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. इथे ती सेल्फच्या वेळीही १०.९ होती. बॅटरी दमदार आणि तरी सेल्फ सुस्त, याचा अर्थ वाटेत कुठेतरी अडथळा आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक, इथे एकाहून जास्त येत होते. बॅटरीच्या ट्रेखाली अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथे हिरवट-पांढरं फूल चढलं होतं.

इलाज अर्ध्या तासाचा आहे. चावी खिशात घ्या, काच खाली ठेवा (बॅटरी काढल्यावर गाडी आपोआप लॉक झाली तर पंचाईत). १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह आधी सोडवा. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टर्मिनलं घासा, पुसून कोरडी करा. अर्थिंगचा बोल्ट काढून पट्टी आणि तिच्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि सगळं झाल्यावर वरून व्हॅसलीन फासा. आधी फासलं तर तेच मध्ये अडथळा होतं. निगेटिव्ह शेवटी जोडा. नंतर तीच मोजणी ०.१५ वर आली, दिवा पुन्हा लुकलुकला नाही. खिडकीचं आपोआप वर जाणं बंद पडलं असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा.

गाडी वाळूवर नेणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो. मुरूड असो वा आरे-वारे, खालून उडालेलं खारं पाणी याच पट्टीवर सुकतं. नेलीच तर त्याच संध्याकाळी मुक्कामाच्या घरी नळी मागून गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा.

चावी समुद्रात भिजली तर सेल ताबडतोब काढा, आतली सर्किटची पाटी गोड्या पाण्याने खळखळून धुवा, मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्याने पुसा आणि सावलीत पूर्ण सुकू द्या. तांदळाच्या डब्यात घालू नका, मीठ आतच राहतं आणि पाटी खात सुटतं. चिप बहुधा सीलबंद असते, ती वाचते. काही चाव्यांत ती पाटीपासून वेगळी, काळ्या गोळीसारखी असते. कवच उघडताना ती घरंगळली तर गाडी चालू होणार नाही.

बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांत सेल संपला तर चावीतून लोखंडी पातं काढा, दाराच्या हँडलवरची टोपी काढून कुलूप उघडा, मग चावी स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक किंवा क्लच पूर्ण दाबून सुरू करा. काही गाड्यांत चावी ठेवायची जागा वेगळी असते, ती माहितीपुस्तकात पाहून निघा.

दोन्ही चाव्यांनी दिवा स्विच ऑनलाच लुकलुकत राहिला तर किनाऱ्यावर वेळ घालवू नका. स्कॅनरवर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०५१३ म्हणजे चावी ओळखली नाही, यू०१६७ म्हणजे इमोबिलायझरशी संपर्क तुटला. दुसऱ्या कोडसाठी आधी फ्यूज आणि कनेक्टर बघायला सांगा, थेट युनिट बदलायला होकार देऊ नका. स्कॅनर असलेली मोठी गॅरेजं चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशी महामार्गालगत आहेत, म्हणून गुहागरहून चिपळूण आणि गणपतीपुळ्याहून रत्नागिरी गाठणं सोयीचं. १०३३ हा क्रमांक राष्ट्रीय महामार्गासाठी आहे, किनाऱ्याच्या रस्त्यावर विम्याची किंवा कंपनीची मदत मागवावी लागते. तेव्हा चाकं उचलून ओढणारी क्रेन नको, सपाट ट्रक मागा. सगळ्या चाव्या हरवल्या असतील तर आरसी आणि ओळखपत्र लागेल, आणि चावीसोबत आलेला छोटा क्रमांकाचा बिल्ला असेल तर काम बरंच लवकर होतं. तो बिल्ला आणि डुप्लिकेट चावी गाडीत नको, सोबतच्या दुसऱ्या माणसाच्या बॅगेत ठेवा.