चित्रेच्या दक्षिणेला: मेसिए 83

मेसिए 83 या दीर्घिकेला ‘अवघड’ हे बिरुद पॅरिसच्या अक्षांशामुळे चिकटले, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रेंच खगोलनिरीक्षक चार्ल्स मेसिए यांनी 1781 मध्ये ती पाहिली, तेव्हा तिथल्या आकाशात ती क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर येत होती, आणि अतिशय एकाग्रतेनेच ती दिसते अशी नोंद त्यांनी केली. वास्तविक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला-लुई द लाकाय यांनी 1752 मध्ये केप ऑफ गुड होपहून तीच दीर्घिका अवघ्या अर्ध्या इंचाच्या दुर्बिणीतून शोधून काढली होती. पुण्याहून ती 41 अंशांच्याही वर चढते.

चित्रा ताऱ्यापासून सुमारे 19 अंश दक्षिणेला, वासुकी आणि नरतुरंग यांच्या सीमेवर, साडेसात प्रतीची (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) ही दीर्घिका काळोख्या जागेहून साध्या द्विनेत्रीतूनही पुसट ठिपक्यासारखी सापडते. सहा-आठ इंची दुर्बिणीत तेजस्वी गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना लांबट पसरलेला उजेड, म्हणजेच तिचा दंड, जाणवू लागतो. गाभ्याभोवती वळसे घेणाऱ्या तिच्या सर्पिल भुजांसाठी मात्र आणखी मोठी दुर्बीण आणि खरोखर अंधारे आकाश हवे. छायाचित्रांतला गुलाबी रंग डोळ्यांना दिसणार नाही, कारण इतक्या मंद प्रकाशात आपल्याला रंग ओळखता येत नाहीत.

सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या या दीर्घिकेची तबकडी जवळजवळ आपल्यासमोर उघडी असल्याने तिची रचना अभ्यासायला सोपी जाते. दंडाच्या गुरुत्वाकर्षणामुळे वायू आपला कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) गमावून गाभ्याकडे घसरत जातो आणि तिथे वेगाने नवे तारे जन्मतात. ताऱ्यांची निर्मिती इथे एकूणच जोमाने चालते, आणि त्यांतले जड तारे अल्पायुषी असून शेवटी स्फोट होऊन अतिनवतारे म्हणून झळकतात. 1923 ते 1983 या काळात इथे सहा अतिनवतारे नोंदले गेले, हे त्याच्याशी सुसंगतच आहे. त्यांपैकी 1968 मधला प्रिटोरियाच्या जॅक बेनेट या हौशी निरीक्षकांनी धूमकेतू शोधता शोधता, केवळ दुर्बिणीला डोळा लावून टिपला, ही गोष्ट मला कोणत्याही छायाचित्राहून मोठी वाटते.

मे महिन्याच्या मध्यास रात्री साडेदहा-अकराच्या दरम्यान ती दक्षिणेला सर्वांत उंच असते. त्या वेळी गाभ्याभोवती दिसणारे आपल्याच आकाशगंगेतले तारे नकाशाशी ताडून ठेवावेत, म्हणजे एखादा नवा ठिपका उगवल्यास तो लगेच ओळखता येईल.