झाडाखालची जमीन कोणाची?

रस्त्याकडेचे झाड महापालिकेचे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या झाडाखालची दोन हात जमीन कोणाची, असे विचारले की नेमके उत्तर मिळत नाही. कागदावर ती रस्त्याची असते. तिच्यातून पाण्याची वाहिनी जाते, ड्रेनेज जाते, अलीकडे इंटरनेटच्या केबलही जातात, वर पेव्हर ब्लॉक बसतात, आणि यांतल्या प्रत्येक कामाचा ठेकेदार निराळा असतो. उद्यान विभागाच्या वाट्याला जमिनीच्या वरचे काय ते झाड येते. मी सोलापूरकर आहे आणि गेली काही वर्षे शहरातील रस्त्यांवरच्या झाडांकडे जरा हट्टाने लक्ष ठेवून आहे. त्यातून माझे असे मत झाले आहे की, आपल्यासारख्या मध्यम शहरांतील झाडांची दैना होते ती रोपे कमी लावल्यामुळे नाही. मुळांना लागणारी जमीन आणि पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत लागणारे पाणी यांचा हिशोब कोणाच्याच वहीत नसतो, म्हणून ती होते.

सोलापूरच्या हवामानात हा हिशोब टाळून चालत नाही. येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातही सर्वाधिक सप्टेंबरमध्ये, आणि मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो. पूर्व भागात बिड्या जमा करायला कारखान्याकडे चालत निघालेल्या बायका, पाळी संपवून परतणारे यंत्रमाग कामगार, रिक्षा थांब्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहणारे चालक, या सर्वांच्या दृष्टीने सावली ही चैनीची वस्तू नाही. जुन्या पिढीने येथे कडुनिंब लावला तो उगीच नाही. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो आणि ऊन खऱ्या अर्थाने तापण्याच्या आत नवी पालवी घेऊन उभा राहतो. करंजाचेही बरेचसे तसेच आहे. याउलट मूळचा मादागास्करचा गुलमोहर फुलतो देखणा, पण ऐन उन्हाळ्यात त्याची सावली विरळ असते, लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या आधी मोडतात. गुलमोहराशी माझे वैर नाही. तो मैदानात किंवा बागेत असावा, बसथांब्यावर नसावा, एवढेच.

झाडाचे मूळ सरळ खाली पाताळापर्यंत जाते, अशी आपली एक समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या झाडांची अन्नपाणी शोषणारी मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि आडवी, फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बरीच बाहेर पसरतात. म्हणजे खोडापासून दहा-पंधरा फुटांवर कोणी चर खणला, तरी तो झाडाच्या पोटातूनच जात असतो. त्यात आपली काळी जमीन. ती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते तेव्हा बारीक मुळे तुटतात. पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे मुळांना हवा मिळेनाशी होते. काही भागांत अर्ध्या-एक फुटावर मुरूम किंवा कातळ लागतो, तेथे मुळांना पसरायला आडवी जागाच तेवढी असते. अशा ठिकाणी खोल आणि अरुंद खड्डा घेऊन, त्यात शेणखत-माती भरून रोप लावले, की पावसाळ्यात तो खड्डा पाण्याने भरून राहतो आणि मुळे त्यातच घुटमळतात. खड्डा रुंद हवा आणि त्याच्या कडा फोडलेल्या हव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे वाढलेल्या रोपाची गुंडाळलेली मुळे लावताना मोकळी करायला किंवा छाटायला हवीत. नाहीतर दहा वर्षांनी तीच मुळे बुंध्याला आवळतात.

रस्त्याचे काँक्रिटीकरण आणि पदपथाचे सुशोभीकरण होताना बुंध्याला अगदी चिकटून ब्लॉक बसवले जातात, कधी त्याभोवती सिमेंटचा कट्टाही बांधला जातो. कट्ट्यावर म्हातारी माणसे बसतात, म्हणून कोणी हरकत घेत नाही. परंतु कट्ट्यात मातीचा भराव टाकून बुंधा दोन फूट गाडला, तर जमिनीलगतची साल सतत ओली राहून कुजू लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात दिलेल्या आदेशात झाडाभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्यास सांगितले होते. एक मीटर ही मोठ्या वडा-पिंपळाला काहीच नाही, पण तेवढी जागा मिळाली तरी पावसाचे पाणी आत मुरते. रस्त्याच्या अंदाजपत्रकात झाडाभोवतीचे आळे हे स्वतंत्र काम म्हणून दाखवले, त्याचे मोजमाप झाल्याशिवाय देयक मंजूर केले नाही, तर हे सहज साधेल असे मला वाटते. ठेकेदार त्याच्या कामाच्या यादीत असलेले करतो. आळे त्या यादीत नसते.

वळवाच्या वादळात झाड पडले की वर्तमानपत्रात ते ‘जुनाट’ असल्याचे छापून येते. पडलेल्या झाडाचा बुंधा मी शक्य तेव्हा जवळ जाऊन पाहतो. अनेकदा एका बाजूची जाड मुळे सरळ रेषेत कापलेली दिसतात आणि त्यांचे टोक काळे पडलेले असते. म्हणजे ती वादळात तुटलेली नसतात; पूर्वी केव्हातरी जेसीबीने चर खणताना ती तुटली, त्यात बुरशी शिरली आणि झाड काही वर्षे उरलेल्या मुळांवर उभे राहिले. चर खणणारा तोवर तेथून केव्हाच गेलेला असतो आणि पडलेल्या झाडाखाली कोणाची तरी दुचाकी सापडलेली असते. झाडाच्या पसाऱ्याखाली यंत्र लावू नये, हाताने खणावे किंवा मुळांच्या खालून आडवे छिद्र पाडून वाहिनी न्यावी. ही पद्धत रस्ता न फोडता केबल टाकण्यासाठी आपल्याकडे वापरली जातेच. झाडासाठी वापरायचे मात्र सुचत नाही.

छाटणीबद्दल अधिक लिहावे लागेल, कारण मुळांनंतर झाडाचे सर्वांत जास्त नुकसान तेथे होते. आपला जिल्हा डाळिंबाचा. कोणती काडी ठेवावी, कोणता पाणसोट, म्हणजे जोमाने सरळ वाढणारा फुटवा, काढावा, कात्री निर्जंतुक का करावी, हे सांगोल्याचा किंवा पंढरपूरचा शेतकरी नेमके सांगतो. त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात साठ वर्षांच्या कडुनिंबावर मात्र कोयता आणि यांत्रिक करवत घेऊन असा माणूस चढवला जातो, ज्याला ‘तारेपासून मोकळे कर’ एवढेच सांगितलेले असते. मग शेंडा उडवला जातो, किंवा एका बाजूच्या सगळ्या फांद्या जाऊन झाड दुसरीकडे झुकते. शेंडा उडवलेल्या झाडाला त्या जागी पाणसोटांचा झुपका फुटतो; ते झपाट्याने वाढतात, पण त्यांची पकड वरवरच्या लाकडात असते, आणि दोन-तीन वर्षांत तेच तारांवर येऊन मोडतात. अशी छाटणी दरवर्षी नव्या छाटणीची सोय करून ठेवते.

योग्य रीत अवघड नाही. जड फांदी उतरवताना खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप घ्यायचा, मग थोडे पुढे वरून कापून तिचे वजन उतरवायचे, म्हणजे साल खालपर्यंत ओरबाडली जात नाही. उरलेला खुंट शेवटी त्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापायचा, जेथे फांदी खोडाला मिळते. कड्याच्या आत कापले तर जखम बुजत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. जखमेवर डांबर किंवा तेलरंग फासल्याने काही साधत नाही. ओल आत अडकते इतकेच. सिद्धेश्वर यात्रेच्या आधी, नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीचा मार्ग मोकळा करताना आड येणाऱ्या फांद्या उतरवाव्या लागतात, त्याला पर्याय नाही. सात नंदीध्वज त्या रस्त्याने जायचे आहेत, आणि हा काळही थंडीचा, म्हणजे झाडाला तुलनेने कमी ताण देणारा आहे. माझा आग्रह असा आहे की, वीजवाहिन्यांखालची छाटणीदेखील शक्य तेवढी याच दिवसांत करावी. मे अखेरीस, पाऊस तोंडावर आल्यावर घाईने केलेल्या छाटणीत सावली नेमकी हवी तेव्हा जाते.

कडुनिंबाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. गेल्या काही वर्षांत तेलंगण आणि कर्नाटकात कडुनिंबाच्या फांद्या शेंड्याकडून वाळत येण्याचा बुरशीजन्य रोग मोठ्या प्रमाणात दिसला आहे. आपण दोन्ही राज्यांच्या वाटेवर आहोत. रोगट झाड तोडलेला कोयता तसाच निरोगी झाडाला लावू नये, वाळक्या फांद्यांची रास रस्त्यावर पडू देऊ नये. अर्थात शेंडा वाळलेले प्रत्येक झाड मेलेले नसते. पावसाळ्यानंतर पुष्कळ झाडे पुन्हा फुटतात, म्हणून तोडण्याचा निर्णय एक पावसाळा तरी लांबवावा.

आता नव्या रोपांचे. एका रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला वीस लिटर पाणी धरले, तर पाचशे रोपांना दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर लागतो. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत साधारण वीस आठवडे, आणि असे तीन उन्हाळे. म्हणजे पाचशे रोपे जगवायची तर साठ टँकर, त्यांचे डिझेल, चालक आणि नळी धरणारा एक माणूस, एवढा खर्च आधीच बाजूला काढलेला असला पाहिजे. घरात काही दिवसांआड नळ येणाऱ्या या शहरात पिण्याचे पाणी झाडांना घाला, असे म्हणणे शोभत नाही. देगावच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील पाणी या कामाला अधिक योग्य आहे. एवढी तजवीज पन्नास रोपांपुरतीच होत असेल तर पन्नासच लावावीत. छायाचित्र पन्नासांचेही चांगले येते.

झाडाखाली बसून पोट भरणारी माणसे हा या व्यवस्थेतला न मोजलेला भाग आहे. चप्पल शिवणारे काका, पंक्चर काढणारा, भाजी विकणाऱ्या मावशी हे आपल्या डोक्यावरच्या झाडाला उरलेले पाणी घालतात आणि कोणी खिळा ठोकायला आला तर हटकतात. अर्थात कढईतले गरम तेल बुंध्याशी ओतणारेही त्यांच्यातच असतात, आणि दुकानाची पाटी दिसावी म्हणून रात्रीतून साल सोलणारेही शहरात आहेत. तरीही झाडाचा पहारेकरी नेमायचा असेल, तर मी त्या मावशींचे नाव सुचवीन.

कायदा आपल्याकडे पन्नास वर्षांपासून आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरण असते, वृक्ष अधिकारी असतो, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते आणि झाड तोडण्यापूर्वी जाहीर सूचना द्यायची असते. त्या कायद्यात झाड तोडणे म्हणजे केवळ आडवे करणे नाही. जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावून सात वर्षे सांभाळण्याची अट घातली.

ही अट ऐकायला न्याय्य आहे, पण तिच्यात जागेचा प्रश्न उरतोच. नवी पेठेसारख्या दाट वस्तीत साठ वर्षांचा कडुनिंब गेला, तर साठ रोपे तेथे मावत नाहीत. मग ती शहराबाहेरच्या ‘मोकळ्या’ माळावर जातात. ज्याची सावली गेली त्याला त्या माळाचा काही उपयोग नाही, आणि तो माळही रिकामा नसतो. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले ते गवताळ माळासाठी. माळढोकाला, धाविक पक्ष्याला, काळविटाला मोकळे गवत लागते. अशा माळांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावून आपण गवत घालवले आहे. म्हणून बदली रोपे तोडलेल्या झाडाच्या परिसरातच, त्याच प्रभागात लागली पाहिजेत. तेथे जागा नसेल तर ती परवानगी नाकारण्याचे कारण मानली पाहिजे.

तोडण्याची सूचना वर्तमानपत्रात येते आणि झाडावरही लावलेली असते. हरकतीसाठी सात दिवस मिळतात. ‘झाडे वाचवा’ एवढेच लिहिलेल्या हरकतीचा उपयोग होत नाही. झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे, झाडाखाली दुपारी कोण थांबते, रस्ता किंवा वाहिनी किती फूट सरकवली तर झाड राहील याचे साधे रेखाचित्र, आणि बदली रोपे कोणत्या जागी लावणार, त्या जागेचे नाव व पाण्याची सोय काय, हा प्रश्न, एवढे एका पानात मावते. त्यासोबत झाडाच्या पसाऱ्याखाली मागे कोणी चर खणला होता का, हेही विचारावे. झाड धोकादायक ठरवलेले असेल, तर ते कशामुळे धोकादायक झाले याचे उत्तर पुष्कळदा त्या चरातच सापडते.